चौथ्या कोपऱ्यातला बाक

बाक होय? बाक असाच ठेवलाय हो – कोणी बाहेरचं माणूस आलं तर टेकायला. तुमच्यासारखं. बसा ना मॅडम, आत्ताच पुसलाय मी. पळायच्या मैदानात, तेही आतल्या बाजूला, बाक कशाला म्हणताय – बरोबर आहे तुमचं, शोभत नाही, पण इथून कसं, चारी कोपरे दिसतात. चार कोपऱ्यांवर चार ड्रम, वाळू भरलेले, लाल-पांढरे – ते मीच रंगवतो – आणि पळणाऱ्यानं ड्रमच्या बाहेरूनच वळायचं, सहा फेऱ्या, दोन हजार चारशे मीटर. आता पोरं काय करतात, कोपरा खातात. माझी पाठ वळली की आतून सटकतात. पण माझ्या नजरेतून सुटणं अवघड आहे, सतरा वर्षं हे घड्याळ माझ्या गळ्यात आहे. अख्ख्या पलटणीत मला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही, सगळे उस्ताद म्हणतात. घरी बायको नावानं बोलवते, पण चिडली की तीसुद्धा उस्तादच म्हणते. असो. चार वाजता चाचणी आहे, तोवर मी मोकळाच आहे. विचारा.

हां, तो तक्ता. म्हणजे असं ना – आडव्या रेघेवर माझे आकडे, धाव, जोर, दोरी, आणि उभ्या रेघेवर तुकडीप्रमुखांनी दिलेले कामाचे गुण. एक सैनिक, एक ठिपका. साठ माणसं, साठ ठिपके. आणि तंदुरुस्त माणूस काम चांगलं करतो का, एवढं बघायला तुम्ही इतक्या लांबून आलात – अहो, मला नुसता फोन केला असता तरी सांगितलं असतं! करतो. करणारच. दम टिकला तर डोकं टिकतं, डोकं टिकलं तर हात थरथरत नाही, आणि हात थरथरला नाही तर नेम लागतो – प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी मी हेच सांगतो. बघा की तुमचेच ठिपके, कसे डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेत. हा मी ना? सगळ्यात उजवीकडचा? कामाच्या गुणांत मी जरा खाली दिसतोय, ते सोडा, माझं काम शिकवण्याचं, त्याला गुण देणार कसे आणि कोण. बाकी रेघ बरोबर आहे तुमची. हा एक सोडला तर – नाही, बोट दाखवू नका, दिसला मला. डावीकडे, एकटाच वर जाऊन बसलाय. धावेत तळाला आणि कामात माथ्यावर. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, नुसता नंबर टाकलाय, पण मला नंबर वाचायची गरज नाही. ढोल्या आहे तो.

ढोल्या हे नाव मीच ठेवलं. अकरा वर्षांपूर्वी, तो नवीन आला तेव्हा – पोट पट्ट्याच्या पुढे, गाल असे, आणि दुसऱ्याच फेरीला श्वासाची शिट्टी. मला वाटलं, नाव ठेवलं की लाजेल, जरा अंग हलवेल. तर हा स्वतःच स्वतःला ढोल्या म्हणायला लागला! फोन उचलला की ‘ढोल्या बोलतोय’. मग पलटणही म्हणायला लागली, पण त्यांच्या तोंडी ते वेगळंच वाजायचं – लाडाचं. म्हणजे नाव मी ठेवलेलं, आणि लाड त्याचे. काम काय त्याचं – रुतलेल्या, उलटलेल्या गाड्या बाहेर काढायच्या. जॅक, साखळ्या, फळ्या आणि ग्रीस. तसलेच काळे हात घेऊन मेसमध्ये येतो, आणि आला की चार टेबलांवरून हाका – ढोल्या, इकडे ये, ढोल्या, इथे बस. मी आलो की पोरं ताठ बसतात. मान आहे मला, नाही असं नाही. पण सरकून जागा कोणी करत नाही. मला काही वाटत नाही हो त्याचं, मी आपलं तुमचा ठिपका का भरकटला ते समजावं म्हणून सांगतोय. काढून टाका तो. एका माणसापायी तुमची अख्खी रेघ बिघडतेय.

काय? गेल्या दोन चाचण्या? आलंय, आलंय माझ्याही लक्षात. सगळ्यांचेच सेकंद वाढलेत – दहा, बारा, कोणाचे पंधरा. त्याला कारणं पुष्कळ आहेत. नवे बूट आले, जड आहेत. मेसमधलं तेल बदललं. पोरं सुटीत घरी जातात आणि फोन घेऊन लोळतात. माझेही वाढले, लपवत नाही मी – आठ एक्कावन्न पळायचो, आता नऊ एक. एक्केचाळीस वय आहे, वय कोणाला चुकलंय? परवा नळावर तोंड धुवायला गेलो तर भिंतीपलीकडे दोघं बोलत होते, ‘उस्ताद थकला रे आता.’ थकला! मी तोंड धुतलं आणि निमूट परत आलो. बायको रोज गुडघ्यांना तेल चोळते, म्हणते, दे ते घड्याळ दुसऱ्या कोणाला, पुरे झालं. मी चोळून घेतो. माझ्या गुडघ्यांना काहीएक झालेलं नाही, पण तिला सांगणार काय? – म्हणजे वयापुढे काय सांगणार, असं म्हणायचंय मला. सगळ्यांचे एकाच दिवसापासून वाढले? असतील. त्या दिवशी वारा होता, समोरून. हो, मैदानाला फेरी मारली की तोच वारा अर्ध्या वाटेत पाठीमागून लागतो, कळतं मला, मी शिकवतो ते मॅडम.

आणि ते चाक कुठून काढलंत तुम्ही? मैदान मोजायचं चाक ते – व्यायामशाळेच्या माळ्यावर, गाद्यांच्या मागे टाकलं होतं मी. मोडकंय. ढकलत नेलं की मीटरमीटरला टक्‌ वाजायला पाहिजे, तर ते कधी वाजतं, कधी नाही. ठेवा खाली, हात खराब होतील. बघू द्या, मीच ठेवतो. असू दे तर असू दे, धरा, काही हरकत नाही.

ढोल्याला इतके गुण का, ते हवंय ना तुम्हाला? सांगतो. एका दिवसाचे गुण आहेत ते. सव्वा वर्ष झालं त्याला. सरावासाठी तुकडी डोंगरापलीकडे गेली होती, आणि परत येताना एक ट्रक ओढ्यात उलटला. बाकीचे उड्या मारून सुटले, एक जण खाली अडकला – मांडीवर ट्रकची कड. निरोप आला तेव्हा आम्ही इथेच होतो, या मैदानावर. रस्ता खचलेला, गाडी जाईना, पायीच जायचं – अडीच किलोमीटर, सगळा चढ. मी ओरडलो, हलके निघा! काही घेऊ नका, वेगानं पोचा! मीच शिकवलेलं ते, की आधी पोचायचं, बाकी मग. आणि सुटलो. बारा मिनिटं, मॅडम. बुटांत. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली धाव ती, आणि घड्याळ लावायला कोणी नव्हतं. पाठोपाठ माझे नऊ जण – सगळे उजवीकडचे ठिपके तुमचे, सोळा मिनिटांत, अठरा मिनिटांत. पोचलो दहा जण, आणि दहाही जणांचे हात रिकामे. एवढा ट्रक, आम्ही कडेला लागलो, एक-दोन-तीन म्हणून जोर लावला – अंगठ्याएवढा हलला आणि परत बसला, आणि खालून जो आवाज आला ना, तो – असो. पुन्हा हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

खाली धाकटा होता. माझा भाऊ. माझा सख्खा धाकटा भाऊ, याच पलटणीत. सांगितलं नाही का मी? वाटलं, तुम्हाला माहीत असेल. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, मी सोळाचा, मीच त्याला वाढवलं, मीच पळायला शिकवलं, माझ्यानंतर पलटणीत दुसरा नंबर त्याचाच असायचा. रक्त येत होतं मांडीतून, मी मूठ घातली तिथे आणि दाबून बसलो, बस. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. चाळीस मिनिटं. माझ्याएवढा तंदुरुस्त माणूस या अख्ख्या पट्ट्यात नव्हता, आणि मी एका जागी मूठ घालून बसलोय. आणि मग ढोल्या आला. बावन्न मिनिटं लागली त्याला, चेहरा जांभळा, पाठीवर बावीस किलोचा जॅक, खांद्यावर फळ्या, आणि श्वासाची तीच ती शिट्टी – दुरून ऐकू आली आम्हाला. आल्या आल्या काय केलं असेल? बसला! मातीत बसला आणि ट्रकखाली नुसता बघत राहिला. मी शिव्या घातल्या त्याला, तुमच्यासमोर म्हणता येणार नाहीत अशा. तर म्हणतो, ‘दोन मिनिटं उस्ताद. घाई केली तर गाडी दुसरीकडे बसेल.’ मग फळ्या लावल्या, एक इथे, एक तिथे, जॅक बसवला आणि फिरवत गेला, सावकाश. वर धाकट्याशी गप्पा – काय रे, बिल्ला तुटला वाटतं तुझा, भरून घेतील हां पैसे. आणि धाकटा हसला. ट्रकखाली माणूस, आणि हसला! मी चाळीस मिनिटं त्याला नुसतं ‘हलू नकोस, हलू नकोस’ म्हणत होतो.

वाचला. एक पाय दीड इंचानं आखूड झाला, पळणं संपलं, आता कोठारात ब्लँकेटं मोजतो, पण वाचला. परेडला साहेबांनी ढोल्याला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. हा डोकं खाजवत म्हणतो, ‘जॅक चांगला होता साहेब.’ सगळी पलटण हसली. त्या हसण्यात काय होतं ते मी सांगू शकत नाही तुम्हाला, पण सतरा वर्षांत माझ्याकडे बघून तसं कोणी हसलेलं नाही. आणि मला काय म्हणाले माहितीये साहेब? ‘उस्ताद, तुमची वेळ उत्तम होती.’

नाही हो, जळत नाही मी त्याच्यावर. जळायला काय आहे त्याच्याकडे? पोट? ... बरं, जळतो. जळतो, त्यात काय एवढं. तुमच्या तक्त्यात जळण्याची रेघ नाही ना कुठे, म्हणून बोलतोय. पण परेडमुळे नाही हां, शप्पथ. ते गिळलं होतं मी. दवाखान्यात धाकटा गुंगीत एकदा म्हणाला, ‘दादा, तू दिसलास तेव्हा वाटलं, वाचलो. मग तुझे हात दिसले.’ तेही गिळलं. गुंगीत होता, त्याला आठवतही नाही. पण पुढे आठ-नऊ महिन्यांनी तो काठी सोडून चालला – पहिल्यांदा, कुबडी नाही, काठी नाही, कोठाराच्या दारापासून रस्त्यापर्यंत वीस पावलं – आणि ती दाखवली कोणाला? ढोल्याला. त्याला खास बोलावून घेतलं, उभं केलं समोर आणि चालून दाखवलं. मला दुसऱ्या दिवशी मेसमध्ये वाढप्याकडून कळलं. मी पायांचा उस्ताद, मॅडम! लोकांचे पाय हाच माझा धंदा. लहानपणी त्याला चालायलाही मीच शिकवलं, आमच्या अंगणात, दोन बोटं धरून. मी विचारलं त्याला, मला का नाही बोलावलंस? तर म्हणतो, ‘दादा, तू वेळ बघितली असतीस.’

हो. बघितली असती. ते खरं आहे.

नियम तुम्हाला माहीत असेल. बारा मिनिटांच्या आत यायचं, आणि लागोपाठ तीनदा नापास झालं की घरी. मग तुम्ही कोणी असा. ढोल्या काठावरचा, अकरा पन्नास, अकरा बावन्न, अकरा वर्षं असाच सुटत आलाय, शेवटच्या फेरीत सगळी पलटण रेघेवर उभी राहून ओरडते त्याच्यासाठी. गेल्या दोन वेळा नाही सुटला. बारा सहा, मग बारा तीन. आज तिसरी. बायको आहे, दोन मुली आहेत, क्वार्टर सोडावं लागेल, आणि त्याला गाड्या उचलण्याशिवाय काय येतं? बरं, आळस केला म्हणावं तर तेही नाही. पहिल्यांदा नापास झाला त्या संध्याकाळी माझ्याकडे आला, टोपी हातात घेऊन – ‘उस्ताद, माझं काय चुकतंय?’ तेव्हापासून रोज सकाळी येतो. नऊ किलो उतरलाय. मी शिकवलं त्याला, अगदी मनापासून, कमी केलं नाही काही – श्वास कसा घ्यायचा, हात कसे सोडायचे, वळणावर खांदा कसा टाकायचा. माझं शिकवणं कधी खोटं नसतं. आणि धाकटा आतल्या बाजूनं लंगडत, मैदान मधून कापत, प्रत्येक कोपऱ्यावर त्याच्या आधी जाऊन उभा राहतो आणि ओरडतो. माझ्यासाठी कधी ओरडला नाही तो. गरजच पडली नाही म्हणा, मी पहिलाच यायचो. मग ढोल्या रेघेवर येऊन वाकतो, गुडघ्यांवर हात, आणि मला विचारतो, ‘किती?’ आणि मी सांगतो.

सकाळी? मी तुकडीची कवायत घेत होतो तेव्हा? चाक घेऊन तुम्ही फिरलात? मोडकं नाही म्हणता. सगळी फेरी मोजलीत, चारी बाजू, ड्रमच्या बाहेरून. किती आलं? ... दोनदा मोजलंत? आणि दोन्ही वेळा चारशे आठ.

चारशे आठ. म्हणजे मघापासून तुम्हाला माहीत होतं. आणि मला बोलू दिलंत – बूट, तेल, वारा. शहाण्या आहात तुम्ही मॅडम. गप्प बसणारं माणूस मला कधी कळलं नाही, धाकटाही असाच गप्प बसतो.

वीस पावलं चालला त्याचं मला मेसमध्ये कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. फक्की मारायला मीच येतो, एकटा, दर आठवड्याला, पांढरी रेघ पुन्हा आखायला. तीन ड्रमपर्यंत आलो आणि चौथ्यापाशी थांबलो. काही ठरवलं नव्हतं, खरंच सांगतो. ड्रमला पाठ लावली आणि ढकलला. वाळूनं भरलेला, सहज नाही हलत – दहा जणांनी ट्रक हलवला नव्हता, पण हा मी एकट्यानं हलवला, आठ पावलं, बाहेरच्या बाजूला. फेरीला आठ मीटर वाढले. सहा फेऱ्या, अठ्ठेचाळीस. मला दहा सेकंदांनी महाग, त्याला पंधरा. बाकीच्यांना मिनिट-मिनिट मोकळीक असते, कोणी नापास होत नाही, मी बघितलं होतं आधी. काठावर तो एकटाच. मग नवी फक्की मारली, जुनी पायानं पुसली. पण माझा स्वतःचा आकडा गेला मॅडम. आठ एक्कावन्न. नऊ वर्षं धरून ठेवला होता मी तो आकडा, पलटणीच्या फळ्यावर सगळ्यात वर होता. पोरं म्हणाली थकला, मी म्हणू दिलं. बायको तेल चोळते, मी चोळू देतो. तुम्हाला वाटत असेल, एवढं कशासाठी? मलाही वाटतं. पण तो रेघेवर वाकून ‘किती?’ म्हणायचा ना, आणि मी ‘बारा तीन’ म्हणायचो, तेव्हा अख्ख्या मैदानात जे शांत व्हायचं – तेवढा वेळ सगळी पलटण माझ्या तोंडाकडे बघत असायची. धाकटासुद्धा.

लिहा. लिहून घ्या सगळं. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. फक्त एक विचारू? तुमच्या त्या कागदांवर शेवटचा प्रश्न होता – संकटात शेजारी कोण हवं, एक नाव लिहा, आणि का ते लिहा. मी धाकट्याचं लिहिलं. आखूड पाय असला तरी. बाकीच्यांनी कोणाचं लिहिलं असेल ते मला माहितीये, मोजूही नका. पण माझं – कोणी लिहिलं होतं का हो? एक? एक आहे! मला वाटलंच होतं. बोलत नसला तरी रक्ताचं नातं आहे शेवटी. नाव नसतं कागदावर, ठाऊक आहे, पण अक्षर बघू द्या नुसतं, धाकट्याचं अक्षर मी अंधारात ओळखेन, पाटीवर हात धरून गिरवून घेतलंय मी त्याचं.

हे धाकट्याचं नाही.

हा अंगठा बघा, कोपऱ्यातला. काळा. ग्रीस आहे हे, साबणानं जात नाही. केवढं मोठं अक्षर काढतो, पहिलीतल्या पोरासारखं... ‘उस्ताद. चाळीस मिनिटं मूठ हलवली नाही त्यांनी. मूठ हलली असती तर माझा जॅक काय कामाचा होता.’ कधी लिहिलं हे? तुम्ही कधी घेतले कागद – गेल्या आठवड्यात? म्हणजे दोनदा नापास झाल्यावर. माझ्या तोंडून दोनदा ऐकल्यावर. आणि मला एकदा म्हणाला नाही, सव्वा वर्षात एकदाही नाही! बघा. बघा मॅडम, कसा आहे तो. साठ जणांत मला एक मत, आणि तेही त्याच्या हातचं. इथेही तोच पुढे! मी मूठ घातली हे मला स्वतःला कधी कामाचं वाटलं नाही, आणि ते दिसलं कोणाला, तर त्याला. मातीत बसला होता ना तो, दोन मिनिटं, मी शिव्या घालत होतो – तेव्हा ट्रककडे नव्हता बघत नुसता. माझा हात कुठे आहे ते बघत होता. मला आज कळतंय. जीव जळतो माझा त्याच्यावर, खरंच, आत्ता सगळ्यात जास्त जळतोय.

आणि धाकट्यानं? नाही, नका सांगू. माहितीये.

किती वाजले? चाराला वीस कमी. ते बघा, गेटमधून आत आले. लंगडतोय तो माझा भाऊ, हातात बाटली घेतलेली – ढोल्याची बाटली – आणि तो जाडा, जाडा कुठे राहिलाय आता तो, बूट बघा कसे घट्ट बांधलेत, मी शिकवलं तसे. हात केला त्यानं. मलाच करतोय. तुम्हीही करा, नाहीतर चमत्कारिक वाटेल त्यांना.

उठा मॅडम. हा बाक सरकवायचाय. बघा खाली – हा गोल. सहा महिने झाले, गवत धरत नाही इथे, नऊ वर्षं ड्रम होता या जागेवर. म्हणून ठेवलाय बाक. तुम्ही पुढे व्हा आणि त्या दोघांना जरा बोलण्यात गुंतवा, त्या शेडपाशी, काहीही विचारा, तुम्हाला येतं ते, नुसतं गप्प उभ्या राहिलात तरी लोक बोलतात. मला दहा मिनिटं पुरतील, आठ पावलं आणि एक पोतं फक्की. मागच्या दोन चाचण्या तुमच्या कागदावर तुम्ही बरोबर करून घ्या. मोठ्या साहेबांना काय सांगायचं ते सांगा, मी नाही म्हणणार नाही. चार वाजून गेल्यावर सांगा फक्त.

आणि हे घ्या. गळ्यात घाला, असं. वरचं बटण. तो रेघेवर पाय टेकवेल तेव्हा दाबायचं – आधी नाही, नंतर नाही. नाही, मी नाही धरणार. ड्रम जागेवर गेला तरी अंगठा माझाच आहे. जा तुम्ही. जा, आले ते.